सूचना लिहिण्याआधी पाकीट फोडून बघा

टेक्निकल रायटर, म्हणजे वस्तू कशी वापरायची याच्या सूचना लिहिणारा, व्हायचं तर इंग्रजी फर्डं हवं, असा समज आहे. भाषा लागतेच, पण खरी कसोटी वेगळी असते. ओआरएसचं पाकीट घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार १ लिटर पाण्याला २०.५ ग्रॅम पावडर. त्याच्या मागे छापायची सूचना लिहून बघा.

‘सदर पाकीट एक लिटर पाण्यात मिसळण्यात यावे.’ माहिती बरोबर, व्याकरण शुद्ध. तरीही कुणीतरी अख्खं पाकीट पेल्यात ओततं, कारण घरात लिटरचं माप नसतं, पेला मात्र हाताशी असतो. त्यात २०० मिलीची छोटी पाकिटंही बाजारात मिळतात, म्हणजे पेल्याची सवय आधीच झालेली. पेला २०० मिलीचा असेल तर द्रावण पाचपट तीव्र होतं आणि लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक वाढू शकतं.

म्हणून पहिली स्टेप पाण्याची: ‘उकळून गार केलेलं १ लिटर पाणी स्वच्छ भांड्यात घ्या. पाण्याची १ लिटरची बाटली मापाला चालेल.’ पाकीट फोडायचं त्यानंतर. आधी फोडायला सांगितलं तर हातात उघडी पावडर घेऊन माणूस जवळचं भांडं शोधणार. मग ‘अख्खं पाकीट ओता, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा.’ शेवटी ‘२४ तासांनी उरलेलं फेकून द्या.’ आणि ‘मिसळल्यावर उकळू नका’ ही ताकीद ओतण्याच्या स्टेपच्या आधी. तळाशी बारीक अक्षरात दिलेली ताकीद चूक झाल्यावर वाचली जाते.

शब्दांची गंमत मराठीत जास्त. ‘दिवा लावा’ म्हणजे चालू करा, ‘दार लावा’ म्हणजे बंद करा, ‘मलम लावा’ म्हणजे फासा. मग ‘व्हॉल्व्ह लावा’ म्हणजे काय? बसवा की बंद करा? विमानांच्या देखभालीच्या मॅन्युअलसाठी एएसडी-एसटीई१०० नावाचं नियंत्रित इंग्रजी वापरतात. त्यात शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ, आणि कृतीचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं. मराठीत असं करायचं तर आपली शब्दयादी आपणच बांधायची: झडपेला ‘बंद करा’, सुट्या भागाला ‘बसवा’, आणि ‘लावा’ला सुट्टी. अट आधी, कृती नंतर हा क्रम मराठीला अंगचाच आहे: ‘हिरवा दिवा लागल्यावर बटण दाबा.’ ‘बटण दाबा, जेव्हा हिरवा दिवा लागेल’ असं दिसलं की समजावं, भाषांतर घाईत उरकलंय. तोवर वाचणाऱ्यानं बटण दाबलेलं असतं.

इंजिनिअर ‘थोडा वेळ थांबायचं’ म्हणाला की तीन प्रश्न विचारायचे. किती सेकंद? तेवढ्यात समोर काय दिसेल? नाही दिसलं तर काय करायचं? तिसऱ्यावर बहुतेक शांतता पसरते, आणि मॅन्युअलमधला सर्वात उपयोगी परिच्छेद तिथूनच निघतो.

मग चाचणी. ज्यानं ती वस्तू कधी हाताळलेली नाही अशा माणसाला कागद आणि वस्तू द्या आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सर्वात अवघड. त्याचं बोट मागच्या ओळीवर गेलं की तिथे खूण करा. ‘कसं वाटलं?’ विचारू नका, लोक भिडेखातर ‘छान’ म्हणतात. खुणा झालेल्या ओळी बदला आणि पुढच्या वेळी माणूसही बदला, कारण पहिल्याला आता सगळं पाठ झालेलं असतं.