आमची वाटचाल: आजींच्या सुरात लावलेली पेटी

पुण्याच्या शनिवार पेठेतलं आमचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. दर्शनी भागात विकायच्या तीन-चार पेट्या, म्हणजे हार्मोनियम, आणि मागे पार माळ्यापर्यंत दुरुस्तीला आलेल्या. नवीन पेटीत पैसे बरे सुटतात, पण आमचं घर चाललं ते दुरुस्तीवर.

आजोबांनी काम सुरू केलं तेव्हा रेडिओवर पेटीला बंदी होती. १९४० साली आकाशवाणीने ती घातली आणि १९७१ पर्यंत चालवली. पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, तिचे सूर बांधलेले, आपल्या गाण्याला ती चालायची नाही, असा आक्षेप. आजोबा म्हणायचे, "बंदी रेडिओने घातलीय, विठोबाने नाही." भजनी मंडळं, कीर्तनकार, नाटक कंपन्या, सगळ्यांना पेटी लागतच होती. आषाढीच्या आधीचा महिना आजही आमच्या सुगीचा असतो.

वडिलांच्या वेळी शास्त्रीय गाण्यातली मंडळी येऊ लागली. पेटीवादक आप्पा जळगावकरांची साथ ऐकायला ते सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात रात्र काढायचे आणि सकाळी तसेच डोळे चोळत दुकान उघडायचे. माझ्या वाट्याला कीबोर्ड आला. बटण दाबलं की पट्टी बदलते, भाता नको, कसर लागायची भीती नको. त्यात एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात घेतलेल्या सुरांचा अख्खा गठ्ठा पावसाळ्यात उतरला. पेटीच्या आत वाजणाऱ्या पितळी जिभांना आम्ही सूरच म्हणतो. आठ गिऱ्हाइकांच्या पेट्या फुकट लावून द्याव्या लागल्या. तेव्हापासून सूर गुजरातेतल्या पालिताण्याचे, तेही एकेक वाजवून घेतलेले.

अशात तीन वर्षांपूर्वी दोन मुलं आणि एक मुलगी एक जुनी पेटी घेऊन आली. लोकगीतांचा अल्बम करत होती. गवळणी, भारूड, जात्यावरच्या ओव्या. वायर लावून वाजवायचं एकही वाद्य नाही, फक्त टाळ, पखवाज, तुणतुणं, दिमडी आणि पेटी. मी आधीच सांगून टाकलं, ओवीला पेटी लावू नका, जात्याची घरघर हाच तिचा सूर. ते त्यांना माहीत होतं. ओव्यांचा अभ्यास करून आली होती पोरं. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी याच पुण्यात राहून खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा करवल्या, त्या कामाबद्दल मला या मुलांकडूनच कळलं. पेटी हवी होती ती चार गवळणींना.

गाणाऱ्या होत्या मुळशीकडच्या एक आजी, वय सत्तरच्या पुढे. अडचण अशी, की त्यांचा षड्ज, म्हणजे सा, काळी तीनलाही बसत नव्हता आणि तिच्या शेजारच्या पांढरी पाचलाही. बरोबर मधे. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आजी, जरा वर घ्या. या मुलांनी तसं म्हणायचं नाही असं ठरवलेलं. "काका, पेटीच आजींच्या आवाजात लावून द्या."

हे ऐकायला सोपं वाटतं. त्या पेटीत ४२ पट्ट्या, सुरांच्या दोन ओळी, म्हणजे पितळेचे ८४ सूर. प्रत्येक सूर टोकाशी खरवडला की चढतो, बुडाशी खरवडला की उतरतो. जास्त खरवडलं की कमकुवत होऊन पुढेमागे तुटतो. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराला आम्ही अर्धी पट्टी म्हणतो. आम्ही काळी तीनवरून सगळे सूर अर्ध्या पट्टीच्या निम्म्याने चढवले. आणि एकदा षड्ज पक्का झालाय, दुसऱ्या पट्टीत ही पेटी वाजणारच नाही म्हटल्यावर मी थोडी हौस केली. नेहमीच्या पेटीतला शुद्ध गांधार, म्हणजे ग, तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. एका अर्ध्या पट्टीचे १०० सेंट धरले तर तेवढा. तो मी खाली आणला. बाकीचे सूरही तंबोऱ्याशी जुळवून घेतले. आजोबांच्या काळातला तो रेडिओवाल्यांचा आक्षेप अगदीच खोटा नव्हता, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं, कोणी बोलत नाही.

अकरा दिवस गेले. मजुरी निम्मीच सांगितली. बायको अजून ऐकवते.

रेकॉर्डिंग आजींच्या घरीच, रात्री. माइक इतका जवळ, की पेटीची सगळी दुखणी बाहेर आली. भात्याची धाप, पट्ट्यांची खडखड. दुसऱ्या दिवशी जाऊन पट्ट्यांखालचं फेल्ट बदललं, भात्याच्या एका घडीला नवं चामडं सरसाने चिकटवलं. आजी ओट्यावर बसून बघत होत्या. मग एक गवळण म्हणून पाहिली आणि मुलीला म्हणाल्या, "ही पेटी माझ्या मागनं येतीया गं. भजनातली म्होरं पळती."

देशपातळीवरच्या एका संगीत पुरस्कारासाठी लोकसंगीत विभागात या अल्बमला नामांकन मिळालं, तो फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात सरसाने माखलेले होते. मुलाने फोन कानाला धरला. श्रेयनामावलीत शेवटून दुसऱ्या ओळीत 'पेटी लावणे' असं लिहून पुढे आमच्या दुकानाचं नाव आहे. आजोबांपासून इतक्या गायकांच्या पेट्या लावल्या, छापून आलेलं हे पहिलंच. पुरस्कार दुसऱ्या अल्बमला गेला. तो मी ऐकला, चांगला आहे.

त्यानंतर दुकानात लोक 'ती नामांकनवाली पेटी' मागायला येऊ लागले. मी समजावतो, ती घेऊन तुम्ही काय करणार, तिच्याबरोबर दुसरं वाद्य जुळायला तेही त्याच सुरात आणावं लागेल. दोघे रागावून गेले. पण स्वतःचा आवाज घेऊन या, पेटी त्याला लावून देतो, असं म्हटल्यावर सहा जण थांबले. त्यात एक शाळेतली बाई आहेत, एक वारकरी. हे काम आम्ही आता दरपत्रकात घातलंय, पूर्ण मजुरीने.

मागच्या आठवड्यात ती मुलगी परत आली. पुढच्या अल्बमची तयारी चाललीय. आजींचा आवाज थोडा खाली आलाय म्हणाली, आता काळी तीनच्याही किंचित खाली. पेटी खोलून ठेवली आहे. या वेळी सगळे सूर बुडाशी खरवडायचे आहेत, आणि मागच्या खेपेला टोकं आधीच पातळ झालीत, म्हणून पंधरा-वीस नवे मागवावे लागतील.