ल मॉर्न: क्रॉसच्या आधीचा तास आणि एक न दिसलेला धबधबा

आधी पैशांचं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे लिहिता येईल. मॉरिशसचा तो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरणारा ‘पाण्याखालचा धबधबा’ बोटीतून दिसत नाही. आम्ही माणशी अठराशे तिथले रुपये मोजून गेलो, म्हणजे आपले तीन हजारांच्या वर. बोटवाल्यानं नैऋत्य टोकाशी नेऊन इंजिन बंद केलं, खाली बोट दाखवलं आणि म्हणाला, इथंच आहे. खाली निळं पाणी. मेहुणा वाकून वाकून बघत राहिला. दोन मिनिटांनी मला म्हणाला, “दाजी, आपण धबधब्याच्या आत आहोत की काय?”

धबधबा नाहीच मुळी. बेटाभोवती प्रवाळांचा उथळ कट्टा आहे आणि तो संपतो तिथं समुद्र एकदम खोल जातो. कट्ट्यावरची वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर त्या कड्याकडे ओढले जातात, रंगाच्या छटा बदलत जातात आणि वरून पाहिलं की पाणी खाली कोसळतंय असं वाटतं. ‘वरून’ म्हणजे हेलिकॉप्टरमधून किंवा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानातून. खिशात तेवढे पैसे असतील तर जा, नसतील तर हॉटेलच्या भिंतीवरचा फोटो बघा. बोटीचे पैसे देऊ नका. डॉल्फिन दिसले, ते खरं, पण आम्ही डॉल्फिनचे पैसे दिले नव्हते.

दुसरा गैरसमज माझा स्वतःचा. आम्ही चढलो तो ल मॉर्न ब्राबां हा डोंगर, उंची ५५६ मीटर. हा आकडा वाचून मी हसलो होतो. कळसूबाई १६४६ मीटर, सिंहगड तेराशेच्या वर, आणि सिंहगड तर आम्ही दर रविवारी करतो. विसरलो ते एवढंच, की सिंहगडाच्या पायथ्याशी आपण आधीच सातशे मीटरवर असतो. ल मॉर्नचा पायथा म्हणजे समुद्र. चढ जवळपास तेवढाच, वर दमट हवा, आणि शेवटचा टप्पा तर सिंहगडाहून कितीतरी अवघड.

वाटेचं वर्णन असं. गेटवर नाव नोंदवायचं, पैसे नाहीत. सकाळी उघडल्याउघडल्या पोचा, उशिरा येणाऱ्यांना वर सोडत नाहीत आणि पाऊस असेल तर कुणालाच सोडत नाहीत. पहिला तास रुंद मातीचा रस्ता, डावी-उजवीकडे झाडी, मधूनमधून खाडीसारखं हिरवं-निळं पाणी. आजीला घेऊन जाता येईल असा. इथं सगळे फोटो काढतात, गप्पा मारतात आणि पाणी पिऊन संपवतात. तेच करू नका. वाटेत पाण्याचा थेंब नाही. माणशी किमान दोन लिटर, उन्हाळ्यात तीन.

मग फाटक लागतं आणि धोक्याची पाटी. खरा ल मॉर्न तिथून सुरू होतो. वाट सरळ कातळाला भिडते. पहिल्या दहा मिनिटांत चालणं संपतं आणि हातापायांनी चढणं सुरू होतं. काही ठिकाणी दोर बांधलेत. मला सगळ्यात नडला तो एक उघडा, तिरका कातळ: मोठ्या पायरीएवढ्या खाचा, मधे पकडायला काही नाही, डावीकडे उतार सरळ खाली. चढताना भीती वाटली नाही, कारण चढताना नजर वर असते. उतरताना तिथंच पाऊण तास गेला. आमच्या पुढं एक फ्रेंच जोडपं अडकलं होतं. बाई रडत होती, नवरा तिला शांत करण्याच्या नादात स्वतःच घसरला आणि कोपर फोडून घेतलं. मागं बारा-पंधरा जण रांगेत, दोर एकच, वरून कुणीतरी सारखं “आले, आले” करत घाई करतोय. तो फ्रेंच शब्द, अर्थ “चला, चला”, हे मला खाली आल्यावर कळलं. तोवर मी मराठीतच ओरडून सांगितलं होतं की कुणीही आलेलं नाही, थांब जरा.

तर सल्ला: ज्यांनी सह्याद्रीत साधा कातळटप्पा तोंड कातळाकडे करून उतरलाय, त्यांनी जावं. ज्यांनी फक्त पायऱ्यांचे किल्ले केलेत त्यांनी फाटकापर्यंत जाऊन परत यावं, यात कमीपणा काही नाही. चप्पल, क्रॉक्स, नुसते पळायचे गुळगुळीत बूट घालून वर जाणाऱ्यांना फाटकावरच परत पाठवायला हवं, पण पाठवत नाहीत. हातमोजे असतील तर न्या. काठी बॅगेला बांधा, हातात घेऊन चढलात तर ती तुम्हालाच आडवी येईल. दहा-बारा वर्षांच्या पोरांना वर ओढत नेणारे आईबापही पाहिले. त्यांच्याबद्दल लिहिलं तर भाषा बिघडेल.

वर एक क्रॉस उभा आहे, तिथं वाट संपते. खरं शिखर त्याच्या पलीकडे आहे आणि तिकडे जाता येत नाही. पाण्याखालचा धबधबा इथूनही दिसला नाही. प्रवाळांच्या आतलं उथळ पाणी, म्हणजे लगून दिसतं, बेनितिए बेट दिसतं, पांढरी फेसाची रेघ दिसते. पुरेसं आहे.

दम खात बसलो तेव्हा दोन गोष्टी पाहिल्या, त्या सांगतो. एक, लाल, खाली लोंबणारं छोटं फूल. स्थानिक नावाचा अर्थ ‘कानातलं’, आणि दिसतंही अगदी डुलासारखं. हे मॉरिशसचं राष्ट्रीय फूल, निसर्गात फक्त याच डोंगरावर उगवतं. थंडीच्या दिवसांत, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, फुलतं. तोडू नका. दुसरी गोष्ट पायाखाली: काळा कातळ. हात लावल्यावर ओळखीचा वाटला आणि ती ओळख खोटी नाही. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त ठिकाणानं साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनचा बेसॉल्ट ओकला, त्याच ठिकाणावरून पुढं लक्षद्वीप-मालदीवची रांग आणि मग ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस घडत गेलं. आज ते ठिकाण शेजारच्या रेयुनियाँ बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून जिवंत आहे. म्हणजे ज्या दगडानं आम्हाला रडवलं तो सह्याद्रीचाच धाकटा भाऊ. मेहुणा म्हणाला, “धाकटे असेच असतात.” तो स्वतः धाकटा आहे.

या डोंगरावर पळून आलेले गुलाम लपून राहायचे. १ फेब्रुवारी १८३५ला गुलामगिरी संपली, आणि ती बातमी सांगायला शिपाई डोंगराकडे आले तेव्हा पकडायला आले असं समजून वरच्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. तो कातळ उतरून आल्यावर ही गोष्ट ऐकायला वेगळी वाटते. २००८पासून हा डोंगर जागतिक वारसा आहे, आणि १ फेब्रुवारीला देशभर सुटी असते. गुलामांच्या जागी उसाच्या मळ्यांवर करारानं मजूर आले ते आपल्याकडून. पोर्ट लुईतल्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या बघायला अर्धा तास पुरतो, पण बघा. साडेचार लाखांच्या आसपास माणसं याच बंदरात उतरली. त्यात रत्नागिरी, सावंतवाडी, साताऱ्याकडचे लोकही होते.

आता तिसरा गैरसमज. निघताना निदान चार जणांनी सांगितलं होतं, “तिकडे काय, सगळे हिंदी बोलतात, मराठी पण बोलतात.” नाही बोलत. रस्त्यावर क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली चालते, पेपर फ्रेंचमध्ये, सरकारी कागद इंग्रजीत. हिंदी समजणारे भेटतात, विशेषतः वयस्कर, पण बसमध्ये हिंदीत पत्ता विचाराल तर लोक गोड हसतील. “बोंझूर” (नमस्कार) आणि “की मान्येर?” (कसं काय?) एवढं पाठ करून जा, खूप काम होतं.

आमच्या घरमालकीण मराठी वंशाच्या. मी पहिल्या दिवशी “काकू, कशा आहात?” म्हणालो तर त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. घरात क्रिओलच. त्यांचं मराठी देव्हाऱ्यात आणि गाण्यात आहे: आरत्या तोंडपाठ, लग्नातली गाणी तोंडपाठ, पण “पाणी गरम आहे का” हे फ्रेंचमध्ये. आडनावं आपल्या कानाला आडनावं वाटतच नाहीत, कारण कारकुनानं पणजोबाचं नाव ऐकून जसं लिहिलं तेच पुढं आडनाव झालं. म्हणून गाव कुठलं, कुळ कुठलं असे प्रश्न विचारत सुटू नका. त्यांना माहीत नसतं आणि ते त्यांना लागतं. मी विचारून बसलो, म्हणून सांगतोय.

काका निवृत्त शिक्षक, शाळेत मराठी शिकवायचे. तिथं सरकारी शाळेत हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दूसारखी मराठीही निवडता येते. गुडघ्यांना बर्फ लावून मी दोन संध्याकाळ त्यांच्या व्हरांड्यात पडून होतो, त्यामुळे मॉरिशसच्या कारभाराचं शिक्षण फुकट झालं. बेट २० मतदारसंघांत वाटलेलं, प्रत्येकातून तीन खासदार, म्हणून मतदाराला एका दमात तीन मतं द्यायची असतात. रॉड्रिग्ज बेटाचे दोन मिळून ६२. त्यावर ‘बेस्ट लूझर’ म्हणून आठपर्यंत जागा: हरलेल्यांतले जे चांगले हरले त्यांना समाजांचा तोल राखण्यासाठी आत घ्यायचं. राज्यघटनेत त्यासाठी चार गट आहेत, हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सगळे ‘सर्वसाधारण’. आणि हिशोब अजून १९७२च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणंच बंद केलं. काका हे सांगताना इतके हसले की चहा सांडला.

१९६८च्या स्वातंत्र्यापासून रामगुलाम आणि जगन्नाथ ही दोनच घराणी आलटून पालटून पंतप्रधानकी करतात. मधली दोन वर्षं पॉल बेरांजे, एवढाच अपवाद. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. नोव्हेंबर २०२४ला ६२पैकी ६० जागा एकाच आघाडीला गेल्या आणि नवीनचंद्र रामगुलाम परत आले. राष्ट्रपती शोभेचे. दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा, कोर्टाचा कारभार इंग्रजी वळणाचा, आणि शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे. चागोस बेटं मॉरिशसला परत देण्याचा ब्रिटनशी मे २०२५मध्ये करार झाला, त्यावर काका दोन वाक्यं बोलले. त्याच वर्षीच्या बजेटात सगळ्यांना मिळणारं म्हातारपणीचं पेन्शन ६०ऐवजी टप्प्याटप्प्यानं ६५ला न्यायचं ठरलं, त्यावर पाऊण तास. काकांना ते मिळतंच, पण काकूंच्या धाकट्या भावाचं चुकतंय.

आता टॅक्सी. विमानतळ आग्नेय टोकाला, ल मॉर्न नैऋत्येला, मेट्रो दोन्हीकडे जात नाही. ती पोर्ट लुई ते क्यूरपीप अशी डोंगरपठारावरून धावते, छान आहे, पण तुमच्या कामाची नाही. टॅक्सीला मीटर लावत नाहीत. आम्हाला दर युरोत सांगितला, आम्ही रात्रीच्या थकव्यात हो म्हणालो, आणि काकूंनी सकाळी आकडा ऐकून कपाळावर हात मारला: निम्म्यात झालं असतं. दर बसण्याआधी ठरवा, रुपयांत ठरवा, आणि राहायच्या ठिकाणाहूनच गाडी मागवा. चौघं असाल तर सरळ गाडी भाड्यानं घ्या, डावीकडूनच चालवतात. यूपीआय २०२४पासून चालू झाल्याच्या बातम्या वाचून रोकड कमी नेऊ नका. दालपुरीच्या टपरीवर आणि बसमध्ये नोटाच लागतात. भारतीयांना व्हिसा नाही, पण परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग कागदावर ठेवा, आणि निघण्याआधी ऑनलाइन फॉर्म भरा.

शामारेलची रंगीत माती, ग्रां बासेंचा तलाव, ग्रि ग्रिचा कडा, आणि तीन दिवस समुद्रकिनारा. सगळं सोपं आणि चांगलं होतं. ग्रि ग्रिला प्रवाळाचा बांध नाही, लाटा थेट दगडावर आपटतात, तिथं पाण्यात उतरू नका.

बसबद्दल एवढंच लक्षात ठेवा: गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तिथं राष्ट्रीय सुटी असते. हे मला माहीत नव्हतं आणि मी नेमका तोच दिवस डोंगराला ठरवला. पुण्यात सुटी असते ती चतुर्थीला, हे डोक्यात. पहाटे थांब्यावर तासभर उभे राहिलो तेव्हा एक बस आली, आणि परत येताना तीही नाही. कातळ उतरून, गेटपासून मोठ्या रस्त्यापर्यंत पाय ओढत आलो, तोंडात मीठ, बाटल्या रिकाम्या. अंगठा दाखवून उभे राहिलो. एक टेम्पो थांबला. मागं दीड दिवसाचा गणपती, ढोलकी, दहा-बारा पोरं, आणि कडेला बसलेल्या एका म्हातारबुवांनी न विचारता आम्हाला हात दिला. “सुखकर्ता” चालू होतं, चाल आपलीच, उच्चार थोडे फ्रेंच. मेहुण्यानं आवाज लावला आणि पोरं खिदळली.

त्या टेम्पोवर भरवसा ठेवून बेत आखू नका. आम्हाला मिळाला. सुटीच्या दिवशी परतीची गाडी आदल्या रात्रीच ठरवून ठेवा, आणि गाडीत एक पाण्याची बाटली राखून ठेवा.