रामल्ला ते बेथलेहेम : नकाशावरच्या किलोमीटरवर जाऊ नका

रामल्ला आणि बेथलेहेम ही इस्रायलच्या लष्करी ताब्यातल्या वेस्ट बँकमधली पॅलेस्टिनी गावं. सरळ रेषेत मोजलं तर दोघांमध्ये जेमतेम २२-२३ किलोमीटर, आणि बरोबर मध्ये जेरुसलेम. फोनमधला नकाशा पाऊण तास सांगतो, हॉटेलवाले 'तासभर, फार तर दीड' म्हणतात. दोघांवरही विश्वास ठेवू नका. नकाशा तुम्हाला जेरुसलेममधून नेतो, आणि त्या रस्त्यावर हिरव्या नंबर प्लेटची पॅलेस्टिनी गाडी जाऊ शकत नाही. वेस्ट बँकचं हिरवं ओळखपत्र असलेला माणूसही इस्रायली परवान्याशिवाय जेरुसलेममध्ये शिरू शकत नाही. म्हणून दोन गावांमधली रोजची वाहतूक शहराला पूर्वेकडून मोठा वळसा घालते. अंतर दुपटीच्या आसपास जातं, वेळेचा तर भरवसाच नाही.

हा वळसा म्हणजे वादी अन-नार या दरीतून जाणारा रस्ता. या टिपणातला निम्मा मजकूर त्याच्यावर खर्च होणार आहे, कारण बाकीचं कुठेही वाचायला मिळतं.

गाडी पकडायची ती 'सर्वीस', म्हणजे सात उतारूंची व्हॅन. आपल्याकडच्या वडापचीच चुलतबहीण: भरल्याशिवाय हलत नाही. भाडं ठरलेलं असतं, गाडी सुटल्यावर पैसे हातोहात पुढे जातात आणि सुटे तसेच मागे येतात. बसल्या बसल्या शेजाऱ्याला भाडं विचारा आणि तेवढेच द्या, घासाघीस नको. लुबाडणूक इथे होत नाही, ती स्टँडच्या बाहेर होते. परदेशी चेहरा दिसला की एखादा खासगी टॅक्सीवाला 'जेरुसलेममधून थेट नेतो, अर्ध्या तासात' म्हणत कित्येक पट पैसे सांगतो. त्याच्या तोंडाकडे नाही, नंबर प्लेटकडे बघा. हिरवी असेल तर तो थापा मारतोय आणि नेणार वादी अन-नारवरूनच. पिवळी (इस्रायली) असेल तरच त्याचं बोलणं खरं असण्याची शक्यता.

रामल्लाहून निघालं की आधी कलंदियाचा लष्करी नाका आणि त्यालगतच्या कफ्र अकब वस्तीची कोंडी. इथेच पाऊण तास गेला तर वैतागू नका, पुढे वैतागायला भरपूर जागा आहे. मग जबाचा नाका, हिज्माची बाजू, माले अदुमिम या इस्रायली वसाहतीला वळसा, अल-ऐजारिया, अबू दीस, सवाहिरा. पुढे 'कंटेनर' नावाचा लष्करी नाका. पूर्वी इथे एका कंटेनरमध्ये दुकान होतं, त्याचं नाव राहिलं. वेस्ट बँकच्या उत्तर-मध्य आणि दक्षिण भागाला जोडणारी ही मुख्य वाट. लोखंडी फाटक ओढलं की बेथलेहेम-हेब्रॉन एकीकडे आणि रामल्ला-नाब्लुस दुसरीकडे. हिरव्या प्लेटला व्यवहारात दुसरा रस्ता उरत नाही. फाटक का ओढलं, किती वेळ, हे कुणी सांगत नाही.

त्यानंतर खरी दरी. तीव्र उतार, आवळलेली वळणं, समोरून ट्रक. खाली जेरुसलेमकडून किद्रोनच्या ओढ्यातून वाहत आलेल्या सांडपाण्याचा वास, आणि पुन्हा तेवढाच चढ. बस लागणाऱ्यांनी निघण्याआधी गोळी घ्यावी आणि मागची ओळ टाळावी. वाटेत स्वच्छतागृह नाही. पाणी जवळ ठेवा, पण जपून प्या. रांगेत ड्रायव्हर इंजिन बंद करतो, म्हणजे एसीही बंद. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी निघणं हा शुद्ध वेडेपणा. सकाळी सहा-सातची कामावर जाणाऱ्यांची गर्दी आणि रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचा तास हेही टाळा. त्या तासाला या वळणांवर ओव्हरटेकिंग बघवत नाही. ज्यू सणांच्या काळात नाके अचानक बंद होतात, तेव्हा हिब्रू पंचांगाची तारीख पाहूनच दिवस ठरवा.

रस्ता उघडा आहे की नाही हे कळतं ते टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ड्रायव्हर-गटांतून. अरबी येत नसेल तर स्टँडवर 'कंटेनर?' एवढं विचारा, हाताच्या खुणेत उत्तर मिळेल. २०२५ च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीत वेस्ट बँकमध्ये नाके, फाटकं, मातीचे ढिगारे असे ८०० हून जास्त अडथळे होते. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर गावांच्या तोंडाशी लोखंडी फाटकं भराभर वाढली, त्यामुळे जुन्या टिपणांमधले वेळ सरळ रद्द समजा.

हे टिपणही लवकरच जुनं होईल. ऑगस्ट २०२५ मध्ये इस्रायलने माले अदुमिमलगतच्या ई-१ पट्ट्यात सुमारे ३,४०० घरांच्या वसाहतीला मंजुरी दिली. पॅलेस्टिनी वाहतूक वेगळ्या रस्त्यावर वळवण्याची योजना त्याच्या आधीच मंजूर झाली आहे. ती झाली की अल-ऐजारियाजवळचा आजचा मार्ग हिरव्या प्लेटसाठी राहणार नाही.

घाई असलेल्या परदेशी प्रवाशासाठी दुसरी वाट आहे. तिचं न्याय-अन्यायाच्या दृष्टीने काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. वेळेच्या दृष्टीने बहुतेकदा तीच बरी. रामल्लाहून २१८ नंबरची बस कलंदियाला येते. तिथे उतरून पायी तपासणी: माणसाच्या उंचीची फिरती लोखंडी दारं, क्ष-किरणाचा पट्टा, काचेआडच्या शिपायाला पासपोर्ट आणि इस्रायलमध्ये शिरताना मिळालेली निळी चिठ्ठी दाखवणं. इस्रायल आता पासपोर्टवर शिक्का मारत नाही, त्यामुळे चिठ्ठी हरवली तर पंचाईत. फिरत्या दारात पाठीवरची मोठी सॅक अडकते. आधीच काढून पुढ्यात धरा. चाकांची सूटकेस घेऊन इथे येऊच नका. पलीकडून पुन्हा बस, जेरुसलेमचं दमास्कस गेट, आणि तिथून बेथलेहेमसाठी २३१. एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते: जेरुसलेमहून रामल्ला किंवा बेथलेहेमला जाताना सहसा कुणी तपासत नाही. तपासणी आहे ती परत शिरताना. जाताना सोपं गेलं म्हणून परतीची वेळ तशीच धरली की घोटाळा झालाच.

२३१ बेथलेहेममध्ये बाब अल-झकाकला सोडते. येशूच्या जन्मस्थळावरचं नेटिव्हिटी चर्च बघायला आलेल्यांना बसच्या दारातच टॅक्सीवाले 'चर्च लांब आहे' म्हणत गराडा घालतात. लांब नाही, चालत वीस-पंचवीस मिनिटं. बेथलेहेममधले दिवस निवांत जातात, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चर्चचं दार बुटकं आहे, डोकं सांभाळा.

२३४ ची बस घेतली तर ती 'चेकपॉइंट ३००' ला सोडते आणि इस्रायलने बांधलेली विभाजक भिंत तिथल्या नाक्यातून पायी ओलांडावी लागते. तो जाळीचा लांबलचक बोळ एकदा बघण्यासारखा आहे. २०२३ पर्यंत इथे पहाटे चारच्याही आधी मजुरांची रांग लागायची. ऑक्टोबरनंतर बहुतेकांचे परवाने गेले. २०२४ मध्ये हरियाणा, उत्तर प्रदेश आणि पुढे महाराष्ट्रातही इस्रायलसाठी बांधकाम कामगारांची भरती झाली, ती याच रिकाम्या जागा भरायला. भिंतीचं बांधकाम २००२ मध्ये सुरू झालं. आखलेल्या मार्गाचा सुमारे ८५ टक्के भाग १९४९ च्या युद्धबंदी रेषेवर (इस्रायल आणि वेस्ट बँकमधली रेषा) नसून वेस्ट बँकच्या आत आहे. हे लक्षात ठेवलं की भिंत शेतातून, अंगणाजवळून का वळते ते समजतं.

हेब्रॉन बेथलेहेमहून सर्वीसने जवळ आहे, पण अर्ध्या दिवसात उरकण्याचं गाव नाही. १९९७ च्या करारानुसार शहराचे दोन भाग: एच-१ पॅलेस्टिनी प्रशासनाखाली, एच-२ इस्रायली लष्कराच्या ताब्यात. स्थानिक वाटाड्या घ्याच, पण एक गोष्ट आधी ठरवा. एच-२ मधल्या शुहदा रस्त्याच्या बऱ्याचशा भागात पॅलेस्टिनी माणसाला पाय ठेवता येत नाही, तुम्हाला येतो. वाटाड्या नाक्यापाशी थांबेल, तुम्ही एकटे जाल. परत भेटायची जागा आणि वेळ पक्की करा, कारण तो तुम्हाला शोधायला आत येऊ शकत नाही. इब्राहिमी मशिदीच्या दाराशी शिपाई धर्म विचारतात. वाद न घालता सरळ उत्तर द्या. १९९४ मध्ये इथे नमाज पढणाऱ्या २९ जणांना एका वसाहतवाल्याने गोळ्या घातल्या, तेव्हापासून इमारत मशीद आणि सिनेगॉग अशी विभागलेली आहे. दोन्ही धर्मांच्या काही सणांना एक बाजू पूर्ण बंद असते. जुन्या बाजारात डोक्यावर जाळी आहे, वरच्या वसाहतीतून खाली फेकलेला कचरा अडवायला. घाण पाणी जाळीतून गळतं, टोपी घाला.

इस्रायली भाड्याची गाडी घेण्याचा विचार असेल तर विमा नीट वाचा. बहुतेक कंपन्यांचा विमा पॅलेस्टिनी प्रशासनाखालच्या 'अ' क्षेत्रात, म्हणजे रामल्ला, नाब्लुस, बेथलेहेम शहरात चालत नाही. पूर्व जेरुसलेममधल्या काही पॅलेस्टिनी कंपन्या त्याची सोय करतात. गाझाचं विचारू नका. इस्रायलमधून गाझात जाणारी एरेझची वाट ७ ऑक्टोबर २०२३ पासून प्रवाशांना बंद आहे.

शेवटी विमान. आदल्या रात्री रामल्ला किंवा बेथलेहेममध्ये राहू नका, जेरुसलेममध्ये या. तिथून विमानतळाची ट्रेन अर्ध्या तासाच्या आत पोचवते, पण शुक्रवारी दुपारनंतर शनिवारी रात्रीपर्यंत ती बंद. विमानतळावरच्या प्रश्नोत्तरांना तीन तास हातात ठेवा. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये गेलात तर गजराचं घड्याळ हाताने लावा: उन्हाळी वेळ इस्रायल आणि पॅलेस्टाईन वेगवेगळ्या दिवशी बदलतात, आणि फोन कोणत्या बाजूचा टॉवर पकडेल त्यावर एका तासाचा फरक पडतो.