फेटे फ्राक्टुर, आठवडा सहावा: लोअरकेस झाली, कॅपिटलं अडली

योहान क्रिस्टियान बाउअर यांचा १८५०च्या सुमारासचा 'फेटे फ्राक्टुर' हा छपाईचा टाइप समोर ठेवून जो जाड ब्लॅकलेटर (जुन्या जर्मन छपाईतल्या टोकदार, गडद वळणाचा) फॉन्ट करतोय, त्याची लोअरकेस, म्हणजे छोटी अक्षरं, काल रात्री संपली. जर्मनमध्ये 'फेटे' म्हणजे जाड, 'फ्राक्टुर' हा ब्लॅकलेटरचाच एक प्रकार. पण कॅपिटलांकडे बघा, प्रत्येकीने खरंच फेटा बांधून शेमला सोडलाय.

पहिले तीन आठवडे वाया गेले. उभा दांडा नुसता जाड करत बसलो: ११० युनिट (फॉन्ट आखायचं माप), १४०, १६५. 'मिनिमम' हा इंग्रजी शब्द टाइप केला तर समोर कुंपण! आय कुठे संपतो, एम कुठे सुरू होतो, पत्ता नाही. शेवटी दांडा १५०वर आणला, आतली पांढरी फट ५२वरून ७० केली, दोन अक्षरांमधली जागाही जवळपास तेवढीच ठेवली. शब्द लगेच सुटा झाला.

कागदावर हातही नडला. बोरूची सवय, देवनागरीच्या बोरूचा तिरपा काप उलट्या बाजूचा. वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेघ आपल्याकडे जाड, तिथे तीच केसासारखी. त्यामुळे दांड्यांची शंकरपाळ्यासारखी टोकं आरशात बघून काढल्यासारखी आली. सगळी पुन्हा काढली.

जुने जर्मन छापखाने एखाद्या शब्दावर जोर द्यायला अक्षरं फाकवत, पण सी-एच, सी-के, टी-झेड या जोड्या चिकटलेल्याच ठेवत. मी त्या तिन्ही लिगेचर, म्हणजे एकसंध जोडअक्षरं, म्हणून घेतल्यात.

वापराचं म्हणाल तर बाटलीचं लेबल, पोस्टरवरचे दोन-तीन शब्द, बस्स. १४ पॉइंटला नुसता चिखल. मित्राच्या मेटल बँडला टी-शर्टवर सगळं नाव कॅपिटलमध्ये हवं होतं. काढून दिलं, तर त्यालाच वाचता येईना. फ्राक्टुरचा कॅपिटल ए म्हणजे यूच वाटतो. आता पहिलं अक्षर तेवढं कॅपिटल.

'हा नाझींचा फॉन्ट ना?' असं दर वेळी कुणीतरी विचारतंच. आधी त्यांनी ही अक्षरं मिरवली हे खरं, पण ३ जानेवारी १९४१च्या परिपत्रकाने 'ज्यू अक्षरं' म्हणत बंदही त्यांनीच केली. त्या परिपत्रकाचं लेटरहेड मात्र ब्लॅकलेटरमध्येच!

लांब एसचं (जुन्या छपाईतला उभट, एफसारखा दिसणारा एस) अजून ठरत नाहीये. ठेवला तर लोक एफ वाचतात, काढला तर जर्मन शब्द बोडके दिसतात. सध्या पर्यायी अक्षर म्हणून आत ठेवलाय. तुम्ही काय करता?