आप्पांचा ब्लॉक मिळवताना

आप्पांना लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर निघाला, त्यातला झपाट्यानं वाढणारा डीएलबीसीएल हा प्रकार. गाठीची बायोप्सी सांगलीत झाली, उपचार मिरजेत ठरले आणि या दोन गावांच्या मधे आमचा जीव मेटाकुटीला आला.

चॉप या चार औषधांच्या केमोबरोबर रिटुक्सिमॅब द्यायचं ठरलं. हे औषध कॅन्सरच्या पेशीवरच्या सीडी-२० नावाच्या प्रथिनाला चिकटतं, मग शरीराची प्रतिकारशक्तीच त्या पेशीवर तुटून पडते. पण आप्पांच्या गाठीत सीडी-२० आहे का, हे आधी मार्कर टेस्टमध्ये दिसायला हवं. "तोवर नुसती केमो सुरू करा की," मी म्हणालो. डॉक्टरांनी २००२ साली छापून आलेला फ्रेंच अभ्यास सांगितला: ६० ते ८० वयाच्या रुग्णांत नुसत्या चॉपनं २ वर्षांनी ५७ टक्के हयात होते, रिटुक्सिमॅब जोडल्यावर ७० टक्के. मी गप्प बसलो. मार्करसाठी ब्लॉक आणा म्हणाले, म्हणजे गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा.

तो सांगलीत जिथं होता तिथली ती खिडकी! सकाळी गेलं की "साहेब जेवणानंतर येतात", जेवणानंतर गेलं की "साहेब आत्ताच गेले". मग म्हणे पेशंटलाच सहीला आणा. तापानं आणि रात्रीच्या घामानं पिळून निघालेला म्हातारा माणूस! अधिकारपत्र दिलं तर मिरजेच्या डॉक्टरांची चिठ्ठी हवी. चिठ्ठी आणली तर शिक्का नाही. शिक्का आणला तर "स्लाइड (काचेवरचा पातळ काप) न्या, ब्लॉक मिळत नाही." तेव्हा मात्र माझा आवाज चढला. आतून पॅथॉलॉजीच्या मॅडम आल्या, चिठ्ठी वाचली, उभ्या-उभ्या सही केली. एवढंच काम होतं!

अर्जात 'ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही' असंच लिहा, बायोप्सी नंबर घाला, दोघांच्या आधारची झेरॉक्स जोडा. उन्हाळ्यात ब्लॉक गाडीच्या डिकीत टाकू नका, मेण आहे ते.

सीडी-२० निघालं. पहिला डोस मुद्दाम सावकाश सोडतात. आप्पांना हुडहुडी भरली, सिस्टरनी सलाईन हळू केलं, तशी ती थांबली. हां, पहिल्या डोसआधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झालीच पाहिजे, दबलेला विषाणू या औषधानं उचल खातो. केमोतल्या लाल औषधानं लघवी लाल होते, घाबरू नका.

आणि मार्कर झाल्यावर लॅबकडून ब्लॉक परत मागा. आमचा आता घरी फाइलीसोबत आहे. त्या खिडकीवर मी पुन्हा जाणार नाही.