लंबकाचा दोरा आणि झिजलेली पट्टी

लातूरच्या आमच्या कॉलेजात बी.एस्सी. पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं. साध्या लंबकावरून g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण (मीटर/सेकंद² मध्ये), काढायचा. सहा गट, पंखे बंद, खोली तापलेली. एका गटातला मुलगा खोडरबर घेऊन उत्तरं पुसायला लागला होता. "सर, काहीबी केलं तरी ९.८१ येईना गेलंय. कुठं चुकायलोत आम्ही?"

आधी ते खोडरबर बाजूला ठेवायला लावलं. पुसलेलं रीडिंग परत मिळत नाही, आणि चूक शोधायची तर पुरावा तोच असतो.

त्यांची उत्तरं अशी होती: दोरा ४० सेंमी असताना ९.६०, ६० ला ९.६६, ८० ला ९.६९ आणि १०० ला ९.७१. उत्तर कमी येतंय यापेक्षा ते लांबीबरोबर क्रमाने चढतंय, हे जास्त महत्त्वाचं. हाताच्या चुकीने आकडे वरखाली होतात, ओळीने चढत नाहीत.

तरी हाताची चूक किती, हे मोजून पाहिलं. १०० सेंमीला २० दोलनांचा वेळ पाच वेळा घेतला: ४०.२८, ४०.४१, ४०.२५, ४०.३७, ४०.३४ सेकंद. सरासरी ४०.३३, प्रमाण विचलन, म्हणजे रीडिंगं सरासरीभोवती किती विखुरली ते, ०.०६५. त्याला पाचच्या वर्गमुळाने भागलं की सरासरीतली अनिश्चितता ०.०३ सेकंद. स्टॉपवॉच ०.०१ दाखवतं म्हणून चूकही ०.०१, असं मुलं हमखास लिहितात. बोट घड्याळाइतकं चपळ नसतं. सूत्रात (g = ४π² × लांबी ÷ T²) T, म्हणजे एका दोलनाचा वेळ, याचा वर्ग आहे, म्हणून त्याची टक्केवारी दुप्पट धरायची: ०.१५ टक्के. लांबीत १ मिमी म्हणजे ०.१ टक्के. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ०.१८ टक्के, म्हणजे ९.७१ ± ०.०२. ४० सेंमीला हेच गणित ९.६० ± ०.०३ देतं. दोन्हींत ०.११ चं अंतर, दोन्हींच्या एकत्रित अनिश्चिततेच्या तिप्पट. योगायोग म्हणून सोडून देता येईना.

मग एकेक शक्यता तपासली. सोडतानाच 'एक' मोजलं तर वीसऐवजी एकोणीसच दोलनं होतात, पण त्याने उत्तर फुगून १०.८ च्या आसपास जातं. लंबक १० अंशांनी ओढला तर g सुमारे ०.४ टक्के कमी येतो, पण कोन तोच असेल तर सगळ्या लांबींना सारखाच. लांबी वाढेल तसा परिणाम घटत जाण्याचं सगळ्यात सरळ कारण: लांबीतच काहीतरी ठरावीक सुटलंय. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. त्यांनी दोरा वरच्या कॉर्कपासून गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मापला होता. गोळ्याची त्रिज्या मिळवलीच नव्हती.

अशा वेळी ग्राफ कामी येतो. T² आणि लांबी यांचा ग्राफ काढला. ठरावीक चुकीने रेघ सरकते, तिचा चढ बदलत नाही. चढ ४.०४ सेकंद² प्रति मीटर, त्यावरून g ९.७८ ± ०.०४. रेघ मूळबिंदूतून गेली नाही. ती मागे वाढवल्यावर लांबीच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे ७.५ मिमीवर छेदत होती. तेवढी लांबी सुटलेली.

पण व्हर्नियर कॅलिपरने (बारीक माप घेणाऱ्या साधनाने) गोळ्याचा व्यास २.१० सेंमी भरला. त्रिज्या १०.५ मिमी. मग ३ मिमी गेले कुठे?

एका गटाच्या ग्राफवरून याचा निवाडा होत नाही, कारण छेदातच अडीच मिमीची अनिश्चितता आहे. म्हणून सहाही गटांचे छेद फळ्यावर मांडले: ५, ९, ७, १०, ६, ८. सरासरी ७.५, सरासरीतली अनिश्चितता ०.८. आता ३ मिमीचा फरक जवळजवळ चौपट झाला. सगळ्यांचे गोळे सारखे होते, आणि सगळ्यांनी मापलं एकाच लाकडी मीटरपट्टीने. तिचं शून्याकडचं टोक झिजून गोल झालेलं. टोकापासून १० च्या खुणेपर्यंत व्हर्नियरने मापलं तर ९.७ सेंमी! टोक कॉर्कला टेकवून मापल्यावर पट्टी प्रत्येक दोरा ३ मिमी जास्त दाखवत होती. त्रिज्येची चूक एका दिशेने, पट्टीची उलट्या दिशेने. एकीने दुसरी थोडी झाकली होती.

पट्टीवर १० च्या खुणेशी लाल रंगाची रेघ ओढली. माप तिथून सुरू करायचं आणि १० वजा करायचे.

"पण सर, ९.८१ का नाही?" मुलाचा प्रश्न राहिलाच होता. ९.८०६६५ हे १९०१ मध्ये ठरवलेलं प्रमाण मूल्य आहे. लातूर सुमारे १८.४ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच; इथे g ९.७८ च्या आसपासच असतो. मात्र ± ०.०४ च्या मापाने ९.८१ नाकारता येत नाही, हेही त्याला सांगितलं. त्यासाठी चूक ०.०१ पर्यंत खाली आणावी लागते.

तो गट मागे थांबला. गोळ्याच्या मध्यापर्यंत लांबी नेमकी १००.० सेंमी केली, अर्ध्या मिमीच्या आत. कोन तीन अंशांहून कमी. वीसऐवजी शंभर दोलनं मोजली, पाच वेळा. सरासरी २००.९ सेकंद. जर्नलमध्ये पेनने लिहिलं: ९.७८ ± ०.०१.