हरमलचे सर

गोव्यातल्या आमच्या पेडणे तालुक्यात लक्ष्मीकांत पार्सेकरांना लोक अजूनही सर म्हणतात, आमदार झाले, मंत्री झाले, मुख्यमंत्री झाले तरी सर ते सरच. हरमलच्या हायस्कुलात शिकवायचे ना. आमच्या मांद्रे मतदारसंघाच्या राजकारणाचा विषय निघाला की मला आधी तेच आठवतात, कारण गावातला माणूस विधानसभेत जातो म्हणजे नेमकं काय होतं ते मी त्यांच्यामुळे जवळून बघितलं.

२००२ साली ते मांद्रेतून भाजपकडून निवडून आले तेही रमाकांत खलपांना हरवून! खलप म्हणजे दिल्लीत कायदा राज्यमंत्री राहिलेला माणूस, आणि तेव्हा आमच्याकडे भाजप म्हणजे मगोपुढे, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षापुढे, काहीच नव्हता. त्यानंतर २००७ आणि २०१२, सलग तीन वेळा.

बाहेरच्यांना हे कळत नाही पण गोव्यात एका मतदारसंघात मतदार असतात जेमतेम पंचवीस-तीस हजार. केरी, पालये, हरमल, मोरजी, पार्से, तुये, अख्खा मतदारसंघ स्कूटरवरून एका दिवसात फिरून होतो. त्यामुळे आमदार लग्नाला आला का, बाराव्याला आला का, जत्रेत दिसला का, सगळ्याचा हिशोब लोकांकडे असतो आणि मला तरी यात काही चुकीचं वाटत नाही, शंभर-दोनशे मतांवर जिथे सीट फिरते तिथे लोक असंच मोजणार.

मग ८ नोव्हेंबर २०१४, तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि सर मुख्यमंत्री. त्या रात्री आमच्या वाड्यावर फटाके वाजले, बाबा म्हणाले पेडण्याचा माणूस पर्वरीत, सचिवालयात बसला रे! खरंच अभिमान वाटला होता, आमचा तालुका म्हणजे गोव्याचं शेवटचं टोक, आम्हाला कोण विचारायचं.

पण मुख्यमंत्री अख्ख्या गोव्याचा असतो आणि हरमलचा माणूस हरमलात दिसेनासा होतो. त्यात शाळेत कुठल्या भाषेतून शिकवायचं, या माध्यमाचा प्रश्न पेटला, इंग्रजी प्राथमिक शाळांचं अनुदान चालूच राहिलं आणि मराठी-कोकणीसाठी रस्त्यावर उतरलेली, भाजपचीच म्हणावीत अशी माणसं दुखावली, गोव्यात संघाचे प्रमुख राहिलेल्या सुभाष वेलिंगकर सरांनी तर २०१६ मध्ये वेगळा पक्षच काढला. एका शिक्षकाच्या कारकिर्दीत हे व्हावं याचं मला मनापासून वाईट वाटलं आणि आजही वाटतं.

११ मार्च २०१७ ला निकाल लागला, मुख्यमंत्री स्वतःच्या मतदारसंघात सात हजारांहून जास्त मतांनी पडले, काँग्रेसचे दयानंद सोपटे जिंकले. पुढे सोपटेच भाजपमध्ये आले. २०२२ ला तिकीट त्यांना मिळालं, सरांनी पक्ष सोडला, अपक्ष उभे राहिले आणि पडले, सोपटेही पडले, जिंकले मगोचे जीत आरोलकर.

त्या दिवशी बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, सरांना एकदा भेटून यायला पाहिजे.